महिन्यातून एक तास

त्या महिन्यात पगार कमी आला. विचारायला गेले, तर हिशेबाच्या कारकुनाने कागद समोर सरकवला. यवतमाळच्या कोर्टाचा हुकूम होता. मुलीचा ताबा बापाकडे, आणि तिच्या खर्चासाठी माझ्या पगारातून दरमहा कपात. असा काही खटला चालू आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

मी लष्करी दवाखान्यात नर्स होते. लेकराला नेता येत नाही अशा सीमेवरच्या ठिकाणी बदली झाली, म्हणून पाच वर्षांची मुलगी बाभुळगावला नवऱ्याजवळ ठेवली होती. त्याचं बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. कापसाचे भाव पडले, दुकान बसलं, आणि घर माझ्या पगारावर चालू लागलं. मागच्या सुट्टीत मी म्हटलं होतं, मुलीला यवतमाळला माझ्या आईकडे ठेवू, पैसेही तिकडेच पाठवीन. मी ड्युटीवर परतल्यावर त्याने कोर्टात ताब्याचा अर्ज टाकला. माझ्या नावाच्या नोटिसा त्याच्याच घरी आल्या आणि सासूबाईंनी माझ्या नावाने सही करून घेतल्या. मी तारखेला हजर नाही, म्हणून निकाल एकतर्फी लागला.

सुट्टी काढून बाभुळगाव गाठलं. नवरा दारातच उभा होता.

"एक घंटा भेट. त्याच्यावर नाही."

सासूबाई पलंगावर पाय सोडून समोरच बसल्या. मी मुलीचे केस मोकळे करू लागले, तर म्हणाल्या, "राहू दे, झाली हाये तिची येनी."

मुलगी माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू मले कायले सोडून गेलती? आजी म्हन्ते, तुले फक्त नोकरी पाह्यजे."

तास झाला. मी म्हटलं, "दहा मिनिटं बसू द्या." तो म्हणाला, "कोर्टाचा कागद दाखवू काय?"

परतीच्या एसटीत मी रडले नाही. याला हेच सगळं भोगायला लावायचं, एवढं एकच डोक्यात होतं.

यवतमाळच्या एका वयस्कर वकिलांनी सांगितलं, "बाई, त्या तारखांना तुम्ही ड्युटीवर होत्या, हे तुमच्या साहेबाकडून लिहून आणा. फौजेतल्या मानसासाठी जुना कायदा हाये, ड्युटीवर असताना लागलेला एकतर्फी निकाल रद्द करता येते." पत्र आणलं. खटला पुन्हा उघडला. नोटिशीच्या पोचपावत्या पुढे आल्या तेव्हा न्यायाधीशांनी सासूबाईंना तिथेच सही करायला लावली. पावत्यांवरचं अक्षर त्यांचंच निघालं. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

दोन वर्षांनी ताबा मला मिळाला. नागपूरजवळ बदलीही झाली. कापलेले पैसे मी परत मागितले आणि सोडले नाहीत. त्यात त्याची मोटारसायकल गेली. न्यायाधीशांनी बापाच्या भेटीचं विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "महिन्यातून एक रविवार. एक तास. माझ्या आईच्या घरी, आईसमोर."

वकील हळूच म्हणाले, "जरा जास्त द्या, बाई. बाप हाये."

"एकच तास."

तो एसटीने यायचा. चपला धुळीने भरलेल्या, हातात फरसाणाचा पुडा. मुलीला शाळेचं विचारायचा, ती एका शब्दात उत्तर द्यायची. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून घड्याळ बघायचे. ते बघताना मला सुख वाटायचं.

एका उन्हाळ्यात वाटेत गाडी बंद पडली. तो चाळीस मिनिटं उशिरा आला, घामाने निथळत. मी वीस मिनिटांनी म्हटलं, "झाली वेळ."

"अवं, गाडी बंद पडली होती. अर्धा घंटा तरी बसू दे."

"कोर्टाचा कागद दाखवू काय?"

तो उठला. मुलीच्या डोक्यावरून हात फिरवायला गेला आणि मध्येच थांबला, जणू त्याचीही परवानगी लागते. तो गेल्यावर आई म्हणाली, "पुढच्या खेपेपासून मी इथं बसनार नाही. तुले बसायचं तर तू बस."

मग मी बसू लागले. पाच वर्षं बसले.

तेरावं लागल्यावर मुलीनेच सांगितलं, "या दिवाळीत मी बाबांकडे राहायला जाते." तिने माझी परवानगी मागितली नव्हती. आई अजून म्हणते, त्या वीस मिनिटांची तुला लाज वाटायला हवी. मला वाटत नाही. मुलीला मी अडवलं नाही, पण तिची बॅगही भरून दिली नाही. तिने स्वतःच कपड्यांच्या घड्या घातल्या, आणि मी शेजारी उभी राहून बघत राहिले.