दिव्यावरची टेप

गलोंड्याच्या रस्त्यावर गॅरेज चालवणाऱ्या आमच्या मिस्त्रीला जुन्या ट्रकांचा डिझेल पंप खोलता येतो, आणि जगातलं ज्ञान तिथेच संपतं अशी त्याची समजूत आहे. गाडी आली की लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक तो इंजिनला टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि डोळे मिटतो. भोवतीचे ड्रायव्हरही देवळात उभे असल्यासारखे गप्प होतात.

माझ्या नव्या ट्रकमध्ये डिझेल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. मध्यंतरी डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. मी म्हटलं, "मिस्त्री, वापीहून स्कॅनरवाल्याला बोलावू या."

तो तंबाखू थुंकला. "भाऊ, ज्याला कान नाहीत तो स्कॅनर आणतो."

मग त्याने डोळे मिटून ऐकलं, "इंजिन एकदम ओके" असं जाहीर केलं आणि दिव्यावर काळी टेप चिकटवली. "हा दिवा बघून ड्रायव्हर फुकट घाबरतो."

पुढच्याच आठवड्यात माल भरलेला ट्रक खानवेलच्या चढावर रांगायला लागला आणि भर उन्हात बंद पडला. मिस्त्री बाइकवरून आला. मला वाटलं, निदान आज तरी मान खाली घालेल. केबिनमध्ये चढून त्याने डॅशबोर्डकडे वाकून बघितलं. उन्हाने टेपची एक कड सुटली होती आणि फटीतून पिवळा उजेड दिसत होता.

तो चोर सापडल्यासारखा माझ्याकडे आणि ड्रायव्हरकडे वळला.

"टेपला हात कोणी लावला?"