दारात आलेली ग्रामसभा

मंगळवारी सकाळी ग्रामपंचायतीचा शिपाई हजेरीवही घेऊन दारात आला. दुपारी अंदाजपत्रकाची ग्रामसभा होती. आमच्याकडे सह्या आधी घरोघर गोळा होतात, सभा नंतर भरते.

"येणार ना, दादा?"

"बघतो," म्हणत मी सही केली.

गावातून सभेला एकट्या शांताकाकू गेल्या. त्यांच्या वस्तीवर नळ नाही. तो यंदाच्या आराखड्यात घालून घ्यायचा होता. संध्याकाळी त्या रस्त्यात भेटल्या.

"नळाचं बोलले, तर ग्रामसेवकानं वही पुढं केली. म्हणाला, सगळ्या गावानं वेशीवरची कमान मंजूर केलीय, तुम्हीच एकट्या आडव्या येताय."

"मी सभेला नव्हतो, काकू."

"ते मला ठाऊक आहे हो. पण वहीत आहात ना!"

वर्तमानपत्रात बातमीदार असताना 'उपस्थित होते' हे शब्द मी स्वतः पाहिल्याशिवाय कधी लिहिले नाहीत. इथे ते स्वतःच्याच नावापुढे खोटे लिहिले, तेही हातातला चहाचा कप खाली न ठेवता.

बुधवारी पंचायतीत जाऊन वही मागितली. हजेरीच्या सह्यांच्या वर कमानीचा ठराव मागाहून लिहिला आहे, आणि त्याखाली पहिली सही माझी आहे. आराखड्यात नळ नाही.