भातात सुकवलेला ट्रक

आमच्या यांनी जीप चालवणं सोडलं तेव्हा त्यांना कोणी सोडा म्हटलं नव्हतं. किन्हवली ते शहापूर, कधी पार डोळखांबपर्यंत, अशी वडापची, माणशी भाडं घेणारी जीप ते आमच्या लग्नाआधीपासून चालवत होते. एकदा डोळखांबच्या उतारावर ब्रेक लागेना आणि जीप माणसांसकट रस्त्याकडेच्या चरात कलंडली. कोणी दगावलं नाही. एका बाईचा हात मोडला, तोही बरा झाला. ती स्वतः आमच्याकडे येऊन, चहा पिऊन, 'तुजी चूक नाय रे' असं सांगून गेली. तरी यांनी जीप दुरुस्त करून अंगणात लावली, वर ताडपत्री टाकली आणि किल्ली माझ्या हातात दिली. मग आटगावच्या बाजूला एका गोदामात पॅकिंगला जायला लागले. दुचाकीसुद्धा चालवेनात, कोणाच्या तरी मागे बसून जायचे. मी आधी समजावलं, मग भांडले, मग गप्प बसले. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, यावरून काय ते समजा.

ट्रक आला माझ्या भावाकडून. तो कल्याणला राहतो आणि त्याला रिमोटच्या गाड्या पळवायचा नाद आहे. नवी गाडी घेतल्यावर जुनी त्याने आमच्याकडे आणून टाकली. "ताई, दाजींना देऊन बघ," म्हणाला. हातभर लांबीचा ट्रक, चाकांच्या बाहेर आलेली रुंद बॉडी आणि जाड दात्यांचे टायर. वाळवंटात खरे ट्रक शर्यतीत पळतात, त्याची ही नक्कल. रिमोट पिस्तुलासारखा धरायचा. बोटाने घोडा ओढला की ट्रक पळतो, पुढे ढकलला की ब्रेक लागतो, आणि बाजूचं छोटं चाक फिरवलं की वळतो.

यांनी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग मीच एका रविवारी कापणी झालेल्या खाचरात नेऊन पळवायला लागले. पळवायला म्हणजे बांधावर आपटायला. हे बांधावर बसून दातात काडी घालून बघत होते. चौथ्या-पाचव्यांदा आपटल्यावर त्यांना राहवलं नाही.

"अगो, वळायच्या आदी सोड ना जरा! वळताना कोण दाबतं?"

"मग तुमीच दाखवा," म्हणून मी रिमोट त्यांच्या हातात कोंबला आणि चुलीवर दूध आहे असं सांगून निघाले. दूध नव्हतंच. मागल्या दारातून पाहिलं, तर ट्रक बांधाच्या कडेकडेने असा वळत होता, जणू रोज त्याच रस्त्याने जातो. बॅटरी संपेपर्यंत ते थांबले नाहीत. मी दाराआड उभी राहून पदराने डोळे पुसले आणि मग काही झालंच नाही अशा आवाजात चहाला हाक मारली.

तेव्हापासून ठरून गेलं. त्यांनी पळवायचा, मोडायचा, आणि मी दुरुस्त करायचा. मी ब्लाउज शिवते. बारीक स्क्रू, चिमटा, सुई, डोळ्यापाशी धरून करायचं काम हे सगळं माझ्या हातातलं. दर रविवारी पळवून झालं की जुन्या ब्रशने माती झटकायची, चाकं काढून बेअरिंग फिरवून बघायचं, कुठे करकरतंय का ते कानाशी धरून ऐकायचं. पहिल्या आठवड्यात मी शहाणपणा करून धक्के झेलणाऱ्या शॉकमध्ये शिलाई मशीनचं तेल घातलं. आतल्या रबराच्या कड्या फुगल्या, तेल गळायला लागलं आणि ट्रक एका बाजूला मान टाकून बसला. भाऊ फोनवर पोट धरून हसला आणि त्याने योग्य त्या तेलाची बाटली पाठवली.

मग सुधारणा करायचं वेड लागलं. प्लॅस्टिकचे गिअर झिजले म्हणून लोखंडी घातले, तर चाकांना फिरवणारा दांडा पिळवटला. तो बदलला, तर पुढच्या चाकाचा सांधा तुटला. जुन्या घराची कौलं बदलायला घ्यावीत आणि वासे कुजलेले निघावेत, तसलं प्रकरण. पण माझी तक्रार नव्हती. हे गोदामातून आल्यावर पहिलं विचारायचे, "झाला का गो?" इतके महिने त्यांनी मला घरातलं काहीच विचारलं नव्हतं.

मुरबाडच्या बाजूला काही हौशी पोरं दरवर्षी कापणीनंतर खाचरात ट्रॅक करून शर्यत लावतात. भावाने दाजींचं नाव देऊन टाकलं, न विचारता. हे चिडले, पण नाही म्हणाले नाहीत. दोन दिवस आधी सराव करताना ट्रक वालाच्या वाफ्याकडे जाणाऱ्या पाटात उलटा पडला आणि चांगलाच भिजला. मी तो पुसून ओटीवर ठेवला आणि ब्लाउजचं माप घ्यायला एका बाईकडे गेले. परत येते तो ट्रक गायब.

सासूबाईंनी तो कणगीत पुरला होता. कणगी म्हणजे आमची भात साठवायची, कुडाची, शेणाने सारवलेली.

"तूच तर बोल्लीस, फोन भिजला का तांदलात ठेवतात," सासूबाई म्हणाल्या. "घरात तांदूल थोडाच होता, म्हून भातात ठेवला. भातातनंच तांदूल निगतो ना?"

निघतो खरा, पण भात म्हणजे अजून न कांडलेलं, साल आणि कुसळांसकट. ट्रक कोरडा ठणठणीत झाला होता हे कबूल, पण गिअरमध्ये, बेअरिंगमध्ये, मोटरच्या भोकांत, जिथे म्हणून फट होती तिथे कुसळं शिरली होती. मी इतकी ओरडले की शेजारची कुत्री उठून गेली. मग सगळा ट्रक सुटा केला आणि दिवसभर अंगणात बसून सुईने एकेक कुसळ काढलं. सासूबाई समोर बसून वाकून बघत होत्या आणि अधूनमधून "त्ये बग, तितं हाय" म्हणत होत्या. त्यांची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे, हे त्या दिवशी कळलं.

शर्यतीच्या दिवशी भाऊ त्याची गाडी घेऊन आला आणि आम्हाला घेऊन गेला. तिथला नियम असा, की ज्याची शर्यत झाली त्याने पुढच्या शर्यतीत ट्रॅकच्या आत उभं राहायचं आणि उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या. भावाची शर्यत आधी झाली होती, म्हणून यांच्या वेळी तो आत होता. हे बाकीच्या रिमोटवाल्यांबरोबर मचाणावर उभे होते, मी त्यांच्या शेजारी. सगळं लक्ष गिअरच्या आवाजाकडे. एखादं कुसळ राहिलंच असेल तर?

मधल्या उंचवट्यावरून ट्रक उडाला, दुसऱ्याच्या ट्रकवर आदळला आणि उताराच्या कडेला कलंडून पडला. भाऊ धावला. बांध ओलांडताना त्याचा पाय मुरगळला, तरी त्याने लंगडत जाऊन ट्रक सरळ केला आणि तिथेच खाली बसला. ट्रक चारही चाकांवर उभा होता आणि हलत नव्हता. मला वाटलं, कुसळ अडकलं. मनातल्या मनात सासूबाईंना काय काय बोलले ते सांगत नाही. मग बाजूला पाहिलं. यांचं बोट घोड्यावर नव्हतंच. चेहरा पांढरा पडला होता.

"तू घे गो," ते हळूच म्हणाले.

मी दोन्ही हात पाठीमागे धरले. "माजे हात ग्रीसचे हायत," मी म्हटलं. हात स्वच्छ होते. बाकीचे ट्रक एकदा गेले, दुसऱ्यांदा गेले. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, पण हात मी पुढे केले नाहीत. आणि मग खालून मोटरची घरघर आली. ट्रक निघाला. माझा जीव भांड्यात पडला. हे सगळ्यात शेवटी आले, आणि मी शिट्टी वाजवली. मला शिट्टी वाजवता येते हे त्यांना तोवर माहीत नव्हतं.

भावाचा घोटा तोवर टम्म सुजला होता. पायाने क्लच दाबणं शक्यच नव्हतं, आणि मला फक्त शिलाई मशीनचं पायडल येतं. त्या पोरांपैकी एकजण आम्हाला सोडायला तयार झाला. मी बरं होईल म्हणणार, एवढ्यात हे म्हणाले, "त्या पोराची शर्यत बाकी हाय. किल्ली दे रे."

भावाने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. त्याने किल्ली दिली.

गाडी सरळगावच्या रस्त्याला लागली. मी पुढे बसले होते, आणि माझा पाय खाली नसलेला ब्रेक दाबत होता. हे हळू चालवत होते, दर वळणाच्या आधी जरा वेग सोडत होते. भाऊ मागे पाय लांब करून बसला होता आणि बहुतेक देवाचं नाव घेत होता. मग हळूहळू यांचे खांदे खाली आले. एक हात खिडकीत गेला, पूर्वी जायचा तसा. मी माझा पाय आवरून घेतला.

किन्हवलीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक म्हातारी गाठोडं घेऊन उभी होती. तिने हात केला. भावाच्या गाडीला कोणी हात करायचं कारण नव्हतं, ती वडापची दिसतही नव्हती. पण यांनी गाडी बाजूला घेतली आणि काच खाली केली.

"कुटं जायचं, आजी?"

"शापूरला." ती आत वाकली, आणि तिने यांना ओळखलं. "लय दिवस दिसला नाय रं तू? गाडी इकलीस का काय?"

"नाय, घरी हाय," हे म्हणाले. "उद्या काडतो. बसा."