प्रदक्षिणेचा सांधा

गाभाऱ्याच्या भिंतीचा आधार न घेता माझी पत्नी आज प्रदक्षिणा घालते आहे. देवाला उजव्या हाताशी ठेवून चालायचे, म्हणून प्रत्येक वळण उजव्या पायावर येते. आणि तिचा नेमका उजवाच खुबा बदललेला आहे.

शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांनी कृत्रिम सांध्याचे दोन नमुने टेबलावर ठेवले होते. एकाचा गोळा लहान, एकाचा मोठा.

"काकू, बरं झाल्यावर काय करायचंय?"

"देवाभोवती अकरा फेऱ्या, यांचा हात न धरता. हे सातालाच अकरा म्हणतात!"

डॉक्टर हसले. मोठा गोळा वळताना सहसा निसटत नाही, म्हणून त्यांनी तो निवडला. मी तो तळहातावर घेतला. शाळिग्रामासारखा शीतल होता. एवढ्याशा गोलाईवर एका जीवाची उपासना तोललेली होती.

ती गाभाऱ्यामागे दिसेनाशी होते. एक जड, एक हलके अशी वर्षानुवर्षे ऐकलेली तिची पावले आता समेवर पडतात. त्या नादात मी हरवून जातो.

"किती झाल्या?" समोर येऊन ती विचारते.

मी मोजलेच नव्हते.

"वाटलंच मला," असे म्हणून ती पहिल्यापासून चालू लागते.