हरलेल्यांची पुस्तकं

आमच्या अल्लीपुरात कोणी निवडून आलं की लोक हार घेऊन जायचे आणि वाचनबाई पुस्तक घेऊन जायच्या. सरपंच असो की तरुण मंडळाचा अध्यक्ष, त्यानं मागितलेलं असो वा नसो. बुद्धविहारातल्या लोखंडी कपाटातलं एक पुस्तक पदराखाली धरून त्या दारात उभ्या राहायच्या. म्हणायच्या, "हार उद्या सुकते. हे वाचजो." वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचला जातो. ते काम त्यांचं, म्हणून त्यांचं नाव वाचनबाई पडलं.

पुढारीपण शिकवणारी, यश मिळवून देणारी पुस्तकंही त्या कपाटात होती. बाई त्यांना हात लावत नसत. कोणा हरलेल्या माणसाची, घर सोडावं लागलेल्या बाईची गोष्ट काढून द्यायच्या. एका नव्या सरपंचानं विचारलं, "बाई, मी जिंकून आलो अन् तुमी मले हरलेल्याचं वाचायले देता?" बाई म्हणाल्या, "जिंकलेल्याले समदे ओळखतेत. तुह्या दारात येतीन ते हरलेलेच येतीन."

आमच्या बचत गटाची अध्यक्ष व्हायला कोणी तयार नव्हतं, म्हणून मला केलं. मी चार बायांत तोंड न उघडणारी. दुसऱ्या दिवशी बाई पुस्तक घेऊन हजर.

"बाई, मी चौथी शिकलेली," मी म्हटलं.

"काऊन वं, चौथीनंतर अक्षरं बदलतेत काय?"

शिवाय हे घरी वाचायचं नाही, विहारात सगळ्यांसमोर वाचायचं, असं सांगून गेल्या.

पहिल्या संध्याकाळी तिसऱ्याच ओळीत माझा आवाज बसला. गटातली शेवंता मागून म्हणाली, "बॅटरी उतरली वाटते!" बाया हसल्या. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी पुस्तक माझ्या हातून घेतलं नाही की कोणाला गप्प केलं नाही. हसणं संपल्यावर शेवंताच म्हणाली, "वाच ना आता. गोष्टीतल्या त्या बाईले घरात घेतलं का नाई?" मग मी वाचलं.

तेव्हापासून वर्षावासात मीही वाचू लागले, पण पुस्तक काढून देणार बाईच. गटाचं काही ठरवायचं असलं तरी मी आधी त्यांच्या घरी जायची.

गेल्या उन्हाळ्यात बाई अंथरुणाला खिळल्या. भेटायला गेले तेव्हा सवयीनं विचारलं, "बाई, यंदा कोणतं वाचू?"

"तूच पाह्य."

"अन् चुकली तर?"

"चुकजो. पण मले इचारून चुकू नको."

थोड्याच दिवसांत त्या गेल्या.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होणार होता. कपाट उघडून मी एकेक पुस्तक काढून परत ठेवत होते. शेवटी एक जाड पुस्तक काढलं. बाईंनी ते विहारात कधी वाचलेलं नव्हतं. संध्याकाळी दोन पानं झाली नाहीत तो कुजबुज सुरू झाली. शेवंता म्हणाली, "लय जड हाय वं हे. दुसरं घे." मी सवयीनं बाईंच्या जागेकडे पाहिलं. तिथं सतरंजी रिकामी होती.

"जड हाय," मी म्हटलं, "म्हणून हळू वाचू."

आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.