हसण्यावर चढवलेली बासरी

कॉलेजच्या शॉर्ट फिल्मसाठी आम्ही दुबईतल्या मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पबाहेर साताऱ्याच्या एका सुतारकाकांना शूट केलं. बायकोशी फोनवर बोलता बोलता ते डोळे पुसत होते. एडिटिंग करणाऱ्या माझ्या वर्गमित्रानं त्यांचा आवाज काढून टाकला आणि वर रडकी बासरी चढवली. अख्खा क्लास हळहळला. माझं टाळकंच सरकलं. काकांचा नवा जावई वाटेतल्या म्हशीला "अहो, जरा सरकता का?" म्हणाला होता, हे काकूंकडून ऐकून काका हसून हसून बेजार झाले होते! किस्सा कळायला मराठी लागतं, मान्य. हसू ऐकायलाही लागतं?

"बासरी काढ, त्यांचा आवाज परत टाक," मी ओरडले.

"बट देन नोबडी विल क्राय," तो म्हणाला.

"मग तू रड," म्हणत मी बासरी डिलीट केली.