लंगडी न्हाय घालायची

मगदूम सरांच्या उजव्या हाताची दोन बोटं स्वस्थ बसलेली मी कधी पाहिली नाहीत. चहाची बशी असो, एसटीची खिडकी असो, नाहीतर कुणाच्या मयताला गेल्यावर स्वतःची मांडी, तर्जनी आणि मधलं बोट तिथं आळीपाळीनं चालत असायची.

नव्वदच्या दशकात कोल्हापुरात पोरीनं गिटार शिकायची म्हणजे पोरगी हाताबाहेर गेलीच. तरी आईनं मला सरांकडे धाडलं, कारण सर जैनांच्या घरातले, दिवस मावळायच्या आत जेवणारे. म्हणजे क्लास उजेडातच सुटणार!

तरुणपणी गोव्यात नोकरीला असताना एका पाद्र्याकडून ते स्पॅनिश गिटार शिकले होते. तारेवर एकदा तर्जनी, एकदा मधलं, एवढंच महिनोन् महिने घोटून घ्यायचे. तेच बोट लागोपाठ दोनदा पडलं की भडकायचे. ‘‘बोटं म्हंजे पाय हायत. एक टाकला की दुसरा पडायलाच पायजे. लंगडी न्हाय घालायची!’’ आई विचारायची, आज काय शिकलीस? मी म्हणायची, चालायला.

त्यांची परीक्षा मात्र विचित्र होती. मला स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून बसवायचे, माझ्या पाठीमागे तार छेडायचे आणि विचारायचे, ‘‘कुठलं बोट?’’ उत्तर दिल्याशिवाय वळायचं नाही. ‘‘डोळं फसवत्यात. कान सांगील ते खरं.’’ खरं तर ओळखणं सोपं होतं. सरांच्या मधल्या बोटाचं नख लहानपणापासून चिरलेलं. त्या बोटाच्या स्वराच्या शेवटी, कुणी हळूच घसा खाकरावा तशी खरखर यायची.

मग सरांच्या भावाच्या कारखान्यात प्रेसखाली नेमकं तेच बोट गेलं, मुळापासून. सरांनी गिटार खोळीत घालून कपाटावर टाकली. मी भेटायला गेले तेव्हा मांडीवर एकटी तर्जनी उड्या मारत होती. मला रडूच आलं.

पावसाळा सरता सरता काकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, निरोप आला. दारातच त्यांनी माझा हात धरला. ‘‘गिटार काढलीया त्यांनी. बोट परत वाजाय लागलंय म्हणत्यात. जेवणाकडं लक्ष न्हाय. तुझ्या कानावर इश्वास हाय त्यांचा. काय ऐकाय येत न्हाय म्हण बाई, म्हंजे सुटतील ह्यातनं.’’

सर पार वाळले होते. ‘‘बस,’’ म्हणाले. ‘‘मला येड लागलंय का, तेवढं सांग. दुसऱ्या कुणाला इचारू?’’

मी नेहमीसारखी पाठ करून बसले. समोर दारात काकू उलथनं घेऊन उभ्या. मागे तार वाजली, तर्जनी. नंतरचा स्वर आला आणि त्याच्या शेवटी ती खरखर. पुन्हा तर्जनी, पुन्हा खरखर. चाल कुठंही लंगडत नव्हती. काकूंची नजर सरांच्या हातावर खिळली होती.

‘‘कुठलं बोट?’’

काकूंनी घाईनं नकाराची मान हलवली. मला त्यांची दया आली, पण या माणसानं मला एवढं एकच शिकवलं होतं.

‘‘मधलं,’’ मी म्हणाले.

मागून मोठा सुस्कारा आला. ‘‘हां. मग झालं.’’ खोळीची चेन ओढल्याचा आवाज झाला. ‘‘वाढ गं. दिवस हाय तवर जेवतो.’’

मला सोडायला काकू फाटकापर्यंत आल्या. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांचा आवाज कापत होता. ‘‘एकच बोट हलत हुतं गं. मी बघत हुते की.’’

त्यानंतर सरांनी गिटारला हात लावला नाही. चार घास नीट जेवत, हसत. काही वर्षांनी ते गेले आणि काकूंनी गिटार माझ्या घरी आणून ठेवली.

मी रोज वाजवते. माझं नख गुळगुळीत आहे. तरी एखाद्या दिवशी संध्याकाळी मधल्या बोटाचा स्वर शेवटी खरखरतो. तेव्हा मी मागे वळत नाही. ‘‘मधलं, सर,’’ म्हणते, आणि तर्जनी पुढे टाकते.